केळीच्या हिशोबाला फुकटचं ऑफिस कसं बसवायचं

आमचे मामा रावेरकडचे, केळीच्या गाड्या भरतात, आणि सगळा हिशोब (गाडी नंबर, वजन, क्विंटलचा भाव, हमाली) एक्सेलमध्ये. एका दुकानवाल्याने क्रॅक मारून (म्हणजे चोरीचं) मायक्रोसॉफ्ट ऑफिस टाकून दिलेलं, त्यासोबत व्हायरसही आला, ऐन सीझनमध्ये लॅपटॉप झोपला. मग मी म्हटलं आता क्रॅक नको भो, ओपन सोर्सच टाकू, फुकट पण आणि चोरीचं पण नाही.

आधी ब्राउझर, कारण ते सोपं. फायरफॉक्स टाका, पहिल्यांदा उघडला की जुन्या ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड आणायचे का विचारतो, हो म्हणा. वर युब्लॉक ओरिजिन अॅड-ऑन टाका, जाहिराती गायब. एखादी सरकारी साइट अडलीच तर जुना ब्राउझर आहेच, तो लगेच उडवू नका.

आता ऑफिस. इथे लोक हमखास चुकतात, ओपनऑफिस नाव ऐकलेलं असतं म्हणून तेच टाकतात. त्याची 4.1 आवृत्ती 2014 ची, त्यानंतर फक्त छोट्या दुरुस्त्या. 2010 मध्ये त्यातलीच बरीच मंडळी बाहेर पडली आणि लिब्रेऑफिस सुरू केलं, ते घ्या, आणि त्यांच्याच साइटवरून घ्या, गुगलवर वर दिसणाऱ्या कुठल्याही डाउनलोड बटणावरून नको.

टाकल्यावर मामा म्हणे, "हे काय जुनाट दिसून राहिलं?" व्ह्यू मेनूत युजर इंटरफेस, तिथे टॅब्ड निवडा, ओळखीचं वाटायला लागतं. मग टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल. तिथे स्प्रेडशीट निवडून नेहमी एक्सेल 2007 च्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा असं ठेवा, नाहीतर फाइल ओडीएसमध्ये (लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये) जाते आणि दिल्लीचा व्यापारी फोन करतो की उघडत नाही.

खरी कटकट मराठीची. त्याच ऑप्शन्समध्ये लँग्वेजेसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) टिक करून मराठी निवडा. लिब्रेऑफिस देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा धरतं, त्यामुळे रायटरच्या (त्यातला वर्डसारखा भाग) बेसिक फॉन्ट्स सीटीएलमध्ये मंगल किंवा निर्मला हा देवनागरी फॉन्ट एकदाच लावून टाका, रोज डोकं खाणार नाही. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइली मात्र तो फॉन्ट नसला तर कचरा दिसतात, हा दोष लिब्रेचा नाही, फॉन्ट नसेल तर कुठेही तसंच दिसेल, त्या युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या आजच्या पद्धतीत) बदलून घ्याव्या लागतात. मायक्रोसॉफ्टच्या कॅलिब्री फॉन्टमधल्या इंग्रजी फाइलची काळजी नको, लिब्रेऑफिससोबत येणाऱ्या कार्लिटो फॉन्टची अक्षरं तेवढ्याच रुंदीची, पानं सरकत नाहीत.

साधे फॉर्म्युले, बेरजा, फिल्टर सगळं चाललं. फक्त भाचीने लिहून दिलेला पावतीचा मॅक्रो (एक्सेलमध्ये काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) अर्धवट चालतो, तेवढ्यासाठी मामा अजून शेजारच्या पोराच्या लॅपटॉपवर जातात.