रक्तपंपाच्या सिम्युलेशनमध्ये डोलणारा दाब: काय बदललं

मॉडेल एफडीएच्या (अमेरिकेची औषध आणि वैद्यकीय उपकरण नियामक संस्था) बेंचमार्क रक्तपंपाचं, म्हणजे सिम्युलेशन पडताळण्यासाठीच्या नमुना पंपाचं. रोटरचा (पात्यांचं फिरणारं चाक) व्यास 52 मिमी, 3500 आरपीएम, प्रवाह मिनिटाला 6 लिटर, घनता 1035 किग्रॅ प्रति घनमीटर, स्निग्धता 0.0035 पास्कल-सेकंद. रोटर एकाच कोनात गोठवून सोडवलं, तर आउटलेटचा दाब डोलतच राहायचा, रेसिड्युअल (समीकरणं सोडवताना उरलेली चूक) खाली येईनात. पाती आउटलेटसमोरून जाताना झोत हलतो. गोठलेल्या रोटरला ते कळणार कसं?

तेच उत्तर सुरुवातीला देऊन स्लायडिंग मेश लावली, म्हणजे रोटरभोवतीची गणनेची जाळी त्याच्याबरोबर खरंच फिरवली. टाइमस्टेप (गणनेची एक पायरी) रोटरच्या 1 अंश फिरण्याचा, म्हणजे 0.0000476 सेकंद. पहिल्या काही फेऱ्या टाकून पुढच्यांची सरासरी घेतली, दाब स्थिरावला.

पण दाब जुळला म्हणून तांबड्या पेशी फुटण्याच्या आकड्यावर विसंबू नका! तो भिंतीलगतच्या शिअरवर, म्हणजे रक्ताचे थर एकमेकांवर घासण्याच्या ताणावर ठरतो. तिथे प्रिझम थर (भिंतीला समांतर जाळीचे पातळ थर) वाढवा, वाय-प्लस (भिंतीजवळच्या पहिल्या थराच्या अंतराचं एककरहित माप) 1च्या आसपास आणा, मगच तो आकडा बघा.