निपल दुखत असतील तर आधी बाळाची पकड तपासा

मलम नंतर. बहुतेक वेळा दुखण्याचं मूळ बाळाच्या पकडीत, म्हणजे दूध पिताना ते स्तन तोंडात कसं धरतं त्यात असतं. पाजून झाल्यावर निपल एका बाजूने चपटं किंवा तिरकं दिसलं, तर ते बाळाच्या कडक टाळूवर दाबलं जातंय. बाळाचं पोट आपल्या पोटाला टेकवा, निपल त्याच्या नाकासमोर धरा आणि जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा. मग बाळाला स्तनाकडे आणा. स्तन बाळाकडे नेला की पाठ वाकते आणि पकडही सुटते. हनुवटी आधी टेकावी, निपलभोवतीचा खालचा काळा भाग वरच्यापेक्षा जास्त तोंडात जावा. सुरुवातीच्या काही क्षणांनंतरही कळ येतच राहिली तर ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून हवा आत जाऊ द्या, म्हणजे पकड सुटेल, आणि पुन्हा लावा.

कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा. नंतर दुधाचे दोन थेंब चोळून वाळू द्या, किंवा शुद्ध लॅनोलिन (लोकरीतून मिळणारं मेणासारखं मलम) अगदी पातळ लावा. साबण नको, ओले पॅडही नकोत.

पकड नीट असूनही दुखतंय? बाळाची जीभ खालून बांधलेली आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. ताप आणि स्तनावर लाल, कडक, दुखरा भाग असेल तर त्याच दिवशी दाखवा. पाजणं मात्र थांबवू नका.