म्युनिकला निघण्याआधी भरायची वही

नोकरीसाठी जर्मनीतल्या म्युनिकला जायचा व्हिसा लागला की सगळं घर बॅगांच्या मागे लागतं. माझं सांगणं असं की बॅगांच्या आधी एक दोनशे पानी वही आणा. निघायला दोन-अडीच महिने असतील तेव्हापासून तिच्यात पुण्यातला घरखर्च रोजच्या रोज उतरवा. डाव्या पानावर पैसे आणि उजव्या पानावर ते काम कुणी केलं ते. पोळ्यांच्या मावशी, केर-फरशी, भांडी, इस्त्री, दारात येणारं दूध, शुक्रवारी रात्री मागवलेली बिर्याणी, ऑफिसला जाताना घेतलेली रिक्षा, सगळं. जर्मनीत डाव्या पानापेक्षा हे उजवं पान जास्त उलटंपालटं होतं. तिथे वस्तू तितक्या महाग नाहीत, माणसाचं काम महाग आहे. तासाभराच्या साफसफाईला पंधरा-वीस युरो, साध्या केस कापण्याला पंचवीस-तीस. दूध मात्र लिटरला युरोच्या आसपास मिळतं.

आम्ही कोथरूडहून गेलो तेव्हा फक्त डावं पान मांडलं होतं. पहिल्या वर्षाच्या शेवटी नवऱ्याचं वजन सात किलोंनी वाढलं होतं आणि ठरवलेल्या बचतीच्या निम्मीही उरली नव्हती. दोन्हीचं कारण एकच. स्वयंपाकाला वेळ कुणी काढायचा हे ठरलंच नव्हतं, त्यामुळे दुपारी बेकरी, रात्री फ्रोझन पराठे आणि शनिवार-रविवार हॉटेल. म्हणून ही यादी मी पैशाची आणि तब्येतीची वेगळी करत नाही.

पगारापासून सुरुवात करा. ऑफर लेटरवरचा आकडा हातात येत नाही. महिन्याला ५,००० युरो पगार असेल तर एकट्या माणसाच्या खात्यात साधारण ३,१०० ते ३,२०० पडतात. जोडीदार कमवत नसेल तर कराचा वर्ग बदलून घेता येतो आणि हातात जास्त येतं, म्हणून लग्नाचा दाखला सोबत ठेवा. कपातीतला मोठा हिस्सा आरोग्य विम्याचा असतो. सरकारी पद्धतीच्या विम्याला, म्हणजे क्रांकेनकासेला, पगाराच्या १४.६ टक्के आणि वर त्या-त्या निधीचा अधिभार जातो. त्यातलं निम्मं कंपनी भरते. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात विनामूल्य येतात. पुण्यातली मेडिक्लेमची रक्कम शेजारी लिहून हा आकडा जास्त वाटतो म्हणून हळहळू नका. डॉक्टरकडे गेलात की फी द्यावी लागत नाही, चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे साधारण पाच ते दहा युरो आणि दवाखान्यात राहावं लागलं तर दिवसाला दहा युरो, तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचे. इतकाच भार आपल्यावर येतो.

आणि एक सवय निघण्याआधीच सोडा, प्रत्येक किंमत रुपयात बदलून बघण्याची. मी सहा महिने दुकानात फुलकोबी हातात धरून मनातल्या मनात गुणाकार करायचे आणि ती परत ठेवायचे. चिप्सच्या पुड्याचा गुणाकार मात्र केला नाही, कारण तो स्वस्त होता. भाजी टाळून वाचलेले ते पैसे पुढे रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसले. त्याऐवजी हातात येणाऱ्या पगाराचे टक्के काढा. पुण्यात भाजी-फळांवर पगाराचे किती टक्के जात होते ते वहीत असेलच. तेवढे टक्के तिथेही डोळे मिटून खर्च करा.

घराचं पान सगळ्यात मोठं ठेवा. म्युनिक हे जर्मनीतलं भाड्याच्या बाबतीत सर्वांत महाग शहर आहे. नव्याने भाड्याला निघणाऱ्या घराला चौरस मीटरला २० युरोंच्या वर मोजावे लागतात आणि हा आकडा फक्त काल्टमीटेचा, म्हणजे ‘थंड भाड्याचा’. त्यावर हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई असे नेबेनकोस्टेन येतात आणि दोन्ही मिळून वार्ममीटे होतं. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळं. जाहिरातीत ‘दोन खोल्या’ लिहिलं असेल तर तो आपला वन बीएचके समजा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर ते मोजत नाहीत. पन्नास चौरस मीटर म्हणजे जवळपास ५४० चौरस फूट, तेही कार्पेट. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकं घेता येतं आणि ते तीन समान हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने आहे. हे माहीत नसल्यामुळे आम्ही सगळे पैसे एकदम भरले आणि पहिला महिना उसनवारीत काढला.

घर बघताना विचारा, स्वयंपाकघर आहे का? हा प्रश्न आपल्याला विचित्र वाटतो, पण तिथे पुष्कळ घरं नुसत्या नळाच्या जोडणीसह देतात. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं आपण आणायची. ज्या घरात ओटा नाही त्या घरात पहिले दोन महिने बाहेरचं खाणं होतं, हे आजूबाजूच्या चार कुटुंबांत मी पाहिलं आहे. भाडं पन्नास युरोंनी जास्त असलं तरी ओट्यासह घर घ्या.

नेबेनकोस्टेनचा वर्षाअखेर हिशोब होतो. आम्ही पहिल्या हिवाळ्यात खिडक्या गच्च बंद करून हीटर दिवसरात्र चालू ठेवला. पुढच्या वर्षी घरमालकाकडून चारशे युरोंचं वाढीव बिल आलं आणि झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली, ती वेगळीच. मुलाचा खोकला तीन आठवडे हटेना. शेवटी शेजारच्या आजींनी हाताला धरून दाखवलं: हीटर बंद करायचा, समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, खोलीतली ओल बाहेर जाऊ द्यायची, खिडक्या लावून परत हीटर मंद ठेवायचा. दिवसातून तीन वेळा. कुकरच्या शिट्ट्या आणि आत वाळत घातलेले कपडे यामुळे आपल्या घरांत ओल जास्त होते, तेव्हा आपल्याला हे जास्तच लागू आहे.

आता निघण्याआधी पुण्यातच उरकायची कामं. दात तपासून घ्या, जे भरायचं ते भरून घ्या. दातांच्या बऱ्याच कामांना तिथे आपल्या खिशातून पैसे घालावे लागतात. चष्म्याच्या दोन जोड्या करा. लसीकरणाची नोंद इंग्रजीत लिहून घ्या. लहान मूल असेल तर गोवराच्या लशीचा पुरावा लागतोच, २०२० पासून त्याशिवाय पाळणाघरात घेत नाहीत. रोजची औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात.

रक्ततपासणी मात्र सवडीने करायची म्हणून पुढे ढकलू नका. ड जीवनसत्त्व, बी-१२, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड. कागद फाइलला लावा. म्युनिक ४८ अंश उत्तरेला आहे आणि पुणे साडेअठरा. डिसेंबरात तिथे सकाळी आठला उजाडतं आणि संध्याकाळी सव्वाचार-साडेचारला मावळतं. ऑक्टोबर ते मार्चपर्यंत ऊन इतकं तिरकं असतं की त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसं तयारच होत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही जास्त वेळ ऊन लागतं. आपल्यात पुष्कळांचं ते मुळात कमी असतं, त्यात हा हिवाळा. तिथे लक्षणाशिवाय ही तपासणी हवी असेल तर बहुधा स्वतः पैसे भरावे लागतात. पुण्यातल्या डॉक्टरांना सांगा कुठे चाललो आहोत ते आणि डोस ठरवून घ्या. मनाने गोळ्या घेऊ नका. शाकाहारी असाल तर बी-१२ चंही तसंच.

आयोडिनचं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. आपल्याकडे खायचं मीठ आयोडिनयुक्तच असावं असा नियम आहे, जर्मनीत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवलेले असतात. पाकिटावर ‘योडझाल्त्स’ लिहिलेलं बघून घ्या. दोन पैशांचाही फरक नाही.

घरात मधुमेह असेल तर हाउसआर्ट्स्टला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगा. आपल्याकडे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक (बीएमआय) २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात, तिथे २५ पर्यंत ठीक म्हणतात. तुमच्या पोटाचा घेर तिथल्या डॉक्टरच्या नजरेत भरणार नाही. पस्तिशीनंतर दर तीन वर्षांनी विम्यातून पूर्ण तपासणी मिळते, तिची तारीख वहीत लिहून ठेवा, कारण मागितल्याशिवाय ती होत नाही. सर्दी-तापाला लगेच अँटिबायोटिक मिळणार नाही, ‘चहा प्या, झोपा’ सांगतील. ते खरंच बरं आहे, राग मानू नका. रात्री-अपरात्री साधं दुखणं असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. दोन्ही नंबर फ्रिजवर लावा.

स्वयंपाकाचं सामान. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपच्या बाहेरून सामानातून नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, आंबा बर्फी घरीच ठेवा. आईने कढवलेलं तूप विमानतळावर टाकून द्यावं लागतं तेव्हा फार वाईट वाटतं. ताजा कढीपत्ता आणि हापूसही नाही. गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, हिंग हे न्या आणि बाकीच्या डाळी-पिठांना जागा अडवू नका. मसूर डाळ तिथल्या कुठल्याही साध्या दुकानात आहे, तूर भारतीय दुकानात, कोथिंबीर-भेंडी-मेथी तुर्की दुकानात, आणि तूप ‘बुटरश्माल्त्स’ या नावाने डब्यात मिळतं. त्यांचा क्वार्क फडक्यात बांधून रात्रभर टांगला की उत्तम चक्का होतो, आमच्याकडे पाडव्याचं श्रीखंड त्याचंच असतं. पोळ्यांसाठी पाकिटावर ‘फोलकोर्न’ लिहिलेलं बारीक गव्हाचं पीठ घ्या. ४०५ नंबरचं घेतलंत तर तो मैदा आहे.

म्युनिकचं नळाचं पाणी खुशाल प्या, बाटल्या विकत घेऊ नका. पण ते जड आहे, छोले आणि तूर शिजायला वेळ घेतात. डाळ दोन तास भिजवा. पोळ्यांचा प्रश्न निघण्याआधी घरात बसून सोडवा: आठवड्यातले कोणते दोन दिवस कोण लाटणार, हे नावासकट वहीत लिहा. आमच्याकडे रविवारी सकाळी नवरा कणीक मळतो, मी लाटते, मुलगा भाजलेल्या पोळ्या मोजतो. तीस पोळ्या, निम्म्या फ्रीझरमध्ये. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे भाजी शनिवारी. ही एक गोष्ट घडी बसल्यावर आमचं बाहेरचं खाणं महिन्याला साडेतीनशे युरोंवरून नव्वदवर आलं आणि नवऱ्याची साखर पुन्हा हद्दीत आली.

चालण्या-फिरण्याचं. देशभर बस-ट्राम-लोकल गाड्यांना चालणारं डॉइचलांडटिकेट २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना ते चालत नाही. कंपनी त्यातला वाटा उचलते का ते रुजू होण्याआधी विचारा. गाडी पहिल्या वर्षी घेऊच नका. जुनी सायकल घ्या आणि चांगलं कुलूप. इझार नदीच्या काठाने शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येतं, एकही सिग्नल न लागता कित्येक किलोमीटर. पुण्यात मी तळजाई टेकडीवर पहाटे चालायला जायचे. म्युनिकला हिवाळ्यात पहाट म्हणजे रात्रच, त्यामुळे चालणं दुपारच्या जेवणानंतर, बारा ते एक. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये ती वेळ पहिल्या आठवड्यातच अडवून ठेवा. अंगावर पाणी न झिरपणारं जॅकेट आणि पायात तसेच बूट, यावर पैसे वाचवू नका. पुण्यातून मात्र आणू नका, तिथल्या थंडीचे कपडे तिथेच घ्यावेत.

जिमचा करार करताना सोडायची मुदत वाचा, पहिल्याच करारात दोन वर्षं अडकू शकता. त्याआधी क्रांकेनकासेला विचारा, कारण मान्यताप्राप्त वर्गांचे पैसे, हठयोगाच्या सुद्धा, ते वर्षातून दोनदा बरेचसे परत देतात. शिवाय प्रत्येक वस्तीत खेळांचे फेराइन म्हणजे मंडळं असतात. महिन्याची वर्गणी जिमपेक्षा कमी, आणि भाषा तिथेच सुटते.

आईबाबांशी बोलायची वेळही ठरवून जा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचारचा. पहिल्या वर्षी आम्ही रात्री उशिरापर्यंत जागायचो आणि तिकडे ते पहाटे उठायचे, दोघांचीही झोप मोडायची. आता शनिवार-रविवारी आमची सकाळची न्याहारी आणि त्यांचं दुपारचं जेवण एकत्र होतं, ताटात काय आहे ते एकमेकांना दाखवत.

शेवटी भांडी. तिथली शेगडी काचेची किंवा इंडक्शनची असते, गोल बुडाची कढई आणि ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. सपाट, जाड बुडाचा स्टीलचा कुकर घ्या आणि दुकानातच लोहचुंबक लावून बघा. मिक्सर न्या, वीज तीच २३० व्होल्ट आहे, फक्त पिनेला ॲडॉप्टर लागेल. कुकरच्या दोन रिंगा, एक शिट्टी आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचे घेऊन ते कुकरच्या आतच ठेवा, म्हणजे सामान उपसताना सापडतील.