मूल कॉलेजात आहे, करिअरचं ठरत नाहीये, आईबाबांनी नेमकं काय करायचं

सगळ्यात आधी "मग पुढे काय ठरवलंयस?" हा प्रश्न बंद करा, खरंच. तो प्रश्न मुलांना नातेवाईक, शेजारी सगळेच विचारत असतात, उत्तर नसलं की मूल "बघू" म्हणून उठून जातं आणि आपण म्हणतो की याला काही पडलेलंच नाहीये. पडलेलं असतं हो, फक्त एवढ्या मोठ्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नसतं.

छोटं विचारा. ग्रुप प्रोजेक्टमध्ये तुझ्याकडे कुठलं काम होतं, ते मागून घेतलंस की कोणी गळ्यात मारलं? माझ्या मुलीला हे विचारलं तेव्हा कळलं की ती प्रेझेंटेशन टाळते पण सगळ्यांचा डेटा गोळा करून एक्सेलमध्ये नीट लावायचं काम दरवेळी स्वतः मागून घेते आणि त्यात रात्रीचे दोन वाजले तरी तिला पत्ता लागत नाही. "तुला काय आवडतं" असं वर्षभर विचारत होते, त्यातून हे कधी बाहेर आलं नव्हतं.

आवडीची टेस्ट द्यायची असेल तर देऊ दे. त्यातल्या बऱ्याचशा जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या थिअरीवर आधारलेल्या असतात, त्याने १९५९ मध्ये ती मांडली, तिच्यात सहा गट आहेत: हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांना मदत करणारे, पुढाकार घेऊन इतरांना पटवणारे आणि नोंदी-हिशोब चोख ठेवणारे. पण अशी टेस्ट आवड कुठे झुकते तेवढं सांगते, जमेल का आणि नोकरी मिळेल का हे सांगत नाही, त्यामुळे रिपोर्ट हातात धरून कोर्स ठरवू नका.

आता ओळखी. आईबाबा इथे खूप काही करू शकतात आणि इथेच जास्त चुकतात, कारण आपणच फोन करून "आमच्या मुलाला जरा लावून घ्या" म्हणतो. त्याऐवजी ओळखीच्या माणसाला विचारून फक्त नंबर मुलाला द्या, मेसेज त्यानेच करायचा, नोकरी मागायची नाही, वीस मिनिटं बोलायला वेळ मागायचा. विचारायचं काय? कामावर गेल्यावर पहिल्या दोन तासांत काय करता, या कामातलं कंटाळवाणं काय आहे, नवीन माणूस घेताना काय बघता. मुलीने पहिला मेसेज लिहून मला दाखवला तेव्हा तो अख्खा बदलावा असं फार वाटत होतं, पण मी एवढंच म्हटलं की यात तुला कधी बोलायचंय ते कुठे आहे? तिने "शनिवारी किंवा रविवारी, तुम्हाला जमेल तेव्हा" एवढं टाकलं आणि पाठवला. बोलून झाल्यावर आभाराचा मेसेज गेला का तेवढं मात्र विचारा.

कॉलेजचं करिअर किंवा प्लेसमेंट ऑफिस शेवटच्या वर्षासाठीच असतं असं मुलं धरून चालतात, तर पहिल्याच वर्षी एक चक्कर मारायला सांगा. बऱ्याच इंटर्नशिपचे अर्ज कित्येक महिने आधी सुरू होतात, म्हणून तारखा कॅलेंडरमध्ये आत्ताच टाकायला लावा. फॉर्म तुम्ही भरू नका, कंपनीला फोन तर अजिबात करू नका, इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस मात्र समोर बसून घ्या.

पैशाचं स्पष्ट बोला. घरून किती आणि किती दिवस मदत होईल, कर्ज असेल तर हप्ता कधी सुरू होणार, बिनपगारी इंटर्नशिप परवडेल का. आकडा माहीत नसला की मुलं अंदाजाने चांगल्या संधी सोडून देतात नाहीतर भलतंच गृहीत धरतात. शाखा बदलायचीय म्हणाला तरी भांडायच्या आधी पास झालेल्या विषयांचे किती क्रेडिट वाया जातील, किती सेमिस्टर वाढतील आणि खर्च किती होईल, हे त्यालाच ऑफिसात जाऊन लिहून आणायला सांगा, मग तो कागद मध्ये ठेवून बोला.

आणि नकाराचा मेल आला त्या संध्याकाळी सल्ला नको. जवळ बसा, हवं तर गप्प बसा. दोन दिवसांनी विचारा की इंटरव्ह्यूत कुठल्या प्रश्नाला अडकलास, आणि त्या एका प्रश्नाचं उत्तर दोघं मिळून मोठ्याने बोलून बघा.