पावसाळ्याआधी गाडीत रेडिओ बसवताना

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं, वीज गेली, फोन बंद पडले, आणि बाहेरगावी असलेली माणसं घरच्यांचा आवाज ऐकायला तळमळत होती. तेव्हापासून दर मे महिन्यात मी जीपमधला व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे फोन बंद असतानाही बोलता येणारा बिनतारी सेट, पुन्हा तपासतो. आता आमच्या हौशी रेडिओच्या गटात नवी मुलं येताहेत, त्यांनाही आपापल्या गाडीत सेट बसवायचा आहे. ही तयारी त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी कागद. केंद्राच्या दूरसंचार खात्याची हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा द्या. बाराव्या वर्षापासून देता येते. परवाना आणि कॉलसाइन (रेडिओवरची आपली ओळखखूण) हातात आल्याशिवाय बोलण्याचं बटण दाबायचं नाही. आपला पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, त्याबाहेर जायचं नाही. परवान्याची प्रत गाडीत ठेवा. सोबत गाडीचं मॅन्युअलही चाळा. रेडिओ बसवण्याबद्दल कंपनीने काही सूचना दिल्या असतील तर त्या माझ्या सल्ल्यापेक्षा वरच्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बॅटरीची वायर. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच माझी गाडी जळता जळता वाचली. पहिला सेट मी एका गॅरेजमध्ये बसवून घेतला होता. फ्यूज होता, पण रेडिओच्या बाजूला, डॅशबोर्डखाली. बॅटरीपासून तिथपर्यंतची दीड-दोन मीटर वायर बिनफ्यूजची. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून ती तशीच ओढलेली, भोकाची धार झाकणारं रबरी ग्रोमेट नाही. पाच महिने पत्र्याची धार वायरीवर घासत राहिली. एका संध्याकाळी क्लचपाशी जळक्या रबराचा वास आला, पायाखालून धूर निघाला. बॉनेट उघडून बॅटरीचं टोक उपटेपर्यंत लाल वायरीचं वेष्टण वितळून तांबं दिसायला लागलं होतं. फ्यूज मात्र शाबूत! तो शॉर्टच्या पलीकडे बसलेला, उडणार कसा?

म्हणून प्लसच्या वायरीवरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. सेटसोबत आलेल्या फ्यूजच्याच अँपिअरचा घ्या. उडतोय म्हणून मोठा घालू नका. भोकात ग्रोमेट, वायरीवर नालीदार पाइप, आणि गरम सायलेन्सर किंवा स्टिअरिंगच्या दांड्याजवळून वायर न्यायची नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर पन्नास वॉटचा सेट चालवू नका. तो बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो आणि ते सॉकेट तेवढ्यासाठी बनवलेलंच नसतं. वायर चार चौरस मिलिमीटरची घ्या. तपासायला सोपं आहे: इंजिन चालू ठेवून बोलण्याचं बटण दाबा आणि बॅटरीवरचे व्होल्ट आणि रेडिओच्या टोकाचे व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे, नाहीतर वायरीच्या टोकाचा लग ढिला आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टोकावर सेन्सर असतो. तिथे मायनसची वायर थेट टोकाला न लावता बॉडी अर्थच्या बोल्टला लावायची.

सेट कुठे बसवायचा? एअरबॅग उघडण्याच्या वाटेत नक्की नाही. डॅशबोर्डवर चिकटवलेला रेडिओ एअरबॅगच्या धक्क्याने तोंडावर येतो. काही गाड्यांत दाराच्या खांबातही पडद्याची एअरबॅग असते, त्यामुळे अँटेनाची केबल तिथे खुपसण्याआधी चौकशी करा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हात लावायचा नाही. सीएनजीची टाकी डिकीत असेल तर सेट डिकीत नको. ब्रॅकेट स्क्रूनेच बसवा, दुहेरी टेप मेच्या उन्हात सुटते.

अँटेना शक्यतो छताच्या मध्यावर. साधी पाव-तरंगाची (रेडिओ लहरीच्या पाव लांबीची) काडी जेमतेम अर्धा मीटर लांब असते आणि घाटातल्या झाडांखालूनही निघते. चुंबकाचा बेस लावायचा तर खालची धूळ पुसा, नाहीतर रंग खरवडतो. केबल दाराच्या रबरातून आत घेण्याआधी बाहेर खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या टोकावरून गळतं, आत सीटवर येत नाही. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा आकडा) दारं लावूनच मोजा. दीडच्या आत असेल तर उत्तम. दोनच्या वर गेला तर आधी दोष शोधा, मगच बोला.

पिकअपच्या हौद्यात माणसं बसवून मदतीला जायची वेळ येतेच. अशा वेळी हौद्यातला माणूस अँटेनाच्या अगदी शेजारी असतो. त्यांना आधीच सांगा: अँटेनाला हात लावायचा नाही, तिच्यापासून दीड-दोन मीटर लांब बसायचं. तेवढी जागा नसेल तर सेट कमी पॉवरवर ठेवा. बोलणं चालू असताना काडीला हात लागला तर कातडी भाजते.

रस्त्यावर निघण्याआधी गाडी उभी करून बोलण्याचं बटण दाबा. हेडलाइट, वायपर, एबीएसचा दिवा यांच्यात काही गडबड होते का बघा. चालताना मात्र माइक शेजारच्याकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं मोटार वाहन कायद्याने धोकादायक चालवण्यात धरलं आहे, आणि कायदा नसता तरी घाटात एका हाताने गाडी चालवायला मी कोणाला देणार नाही. एकटे असाल तर गाडी बाजूला घ्या, मग बोला.

पेट्रोल पंपावर सेट पूर्ण बंद करा. खाणीत किंवा रस्त्याच्या कामावर सुरुंगाची पाटी दिसली तरी तसंच, पाटीपासून पुढचा पट्टा ओलांडेपर्यंत. विजेवर उडणारा सुरुंग रेडिओच्या लहरींनी उडू शकतो. मुक्कामाला पोचलात की बंद करायला विसरू नका. नुसता ऐकत ठेवलेला सेटही बॅटरी उतरवू शकतो आणि सकाळी गाडी धक्का मारून चालू करावी लागू शकते. सीटखाली एक किलोचा पावडरचा अग्निशामक आणि दोन जादा फ्यूज असू द्या.

शेवटची तयारी रविवारी, दोन गाड्या घेऊन. एक चिपळुणात, दुसरी कुंभार्ली घाटात. व्हीएचएफला डोंगर आडवा आला की आवाज तुटतो. एका वळणावर स्पष्ट, पुढच्यावर काहीच नाही. कुठल्या वळणावर, कुठल्या टपरीपाशी गाव ऐकू येतं ते कागदावर लिहा, आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सनव्हायजरमागे खोचून ठेवा.