होव्हरमध्ये चढउतार: या कामात येणाऱ्या सोलापूरच्या मुलांसाठी

हेलिकॉप्टर होव्हरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी स्थिर दिसतं, तेव्हाच पायलटची खरी कसोटी असते. सायक्लिक (पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारी दांडी), कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारी दांडी), पेडल (नाक वळवणारे), तिन्हींवर हातपाय सतत चालू. त्यात डोंगरउतारावर एकच स्किड (यंत्र ज्यावर टेकतं त्या दोन आडव्या नळ्यांपैकी एक) टेकवून माणसं नाहीतर सामान घ्यायचं असेल, तर ग्राउंड क्रूवरही तेवढीच जबाबदारी येते.

आधी हवेचा हिशेब. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की इथली हवा इतकी विरळ होते, की यंत्राच्या दृष्टीने ते पाच हजार फुटांवर उडत असतं. जमिनीलगत, साधारण रोटरच्या (वरच्या फिरत्या पात्यांच्या) व्यासाएवढ्या उंचीपर्यंत, ग्राउंड इफेक्टचा, म्हणजे पात्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीला अडल्याने होणारा, आधार मिळतो. उभ्या उसावर किंवा कड्याच्या टोकाशी तो घटतो. हेलिपॅडवर सहज उचललेलं वजन तिथे जड जातं. म्हणून ताकद किती शिल्लक आहे आणि निघायचं कुठून, हे अशा जागी शिरण्याआधीच ठरवायचं.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेचा पूर आपण पाहिला. अशा वाहत्या पाण्यावरचा होव्हर फार फसवा. पाण्याकडे बघत राहिलं की यंत्रच सरकतंय असं वाटतं. झाड, घराचं छत असं न हलणारं काहीतरी नजरेत धरावं लागतं, एक जवळचं आणि एक लांबचं. शेतातल्या मोटारींच्या तारा तर वरून दिसतच नाहीत. खांब शोधायचे, आणि खांब दिसला की तार आहेच असं धरायचं.

आता दाराशी काय करायचं ते. कुणी धाडकन उडी मारली की त्या बाजूचं वजन एकदम जातं आणि यंत्र कलतं. म्हणून आधी पायलटची खूण, मग एक पाय स्किडवर, भार हळूहळू टाकायचा, मग दुसरा पाय. एका वेळी एकच जण. पिशव्या फेकायच्या नाहीत, हातोहात द्यायच्या. उताराच्या वरच्या अंगाने कधीच जायचं नाही, तिथे पाती डोक्याच्या उंचीवर येतात. टेल रोटरकडे, म्हणजे शेपटीच्या पंख्याकडे, तर पाऊलही नको. टोप्या, गमछे, ताडपत्री, उसाचं पाचट आधीच आवरायचं. यंत्राखाली सामानासाठी लटकत्या हुकाला हात लावण्याआधी त्यातली स्थिर वीज अर्थिंगच्या दांड्याने उतरवायची, नाहीतर जबर झटका बसतो.

पायलट व्हायचं असेल तर फी भरण्याआधी डीजीसीएची (देशाच्या विमानवाहतूक नियामकाची) वैद्यकीय तपासणी उरकून घ्या. ग्राउंड क्रूत येणाऱ्यांनी सुरुवातीला बंद यंत्रावर हीच चढउतार करत राहावं, अंधारातही दाराची कडी पहिल्या झटक्यात हाती लागेपर्यंत.