जुने पंचकार्ड डोळ्यांनी कसे वाचावे

पंचकार्ड, म्हणजे भोके पाडून माहिती नोंदवलेले जाड कागदाचे कार्ड, हाती आले की आधी भोकांचा आकार पाहावा. भोके उभी आयताकृती आणि रकाने 80 असतील, तर ते आयबीएमने 1928 मध्ये आणलेल्या पद्धतीचे कार्ड होय. रेमिंग्टन रँड या कंपनीच्या 90 रकान्यांच्या कार्डांची भोके गोल असून त्यांची सांकेतिक पद्धत वेगळी असल्यामुळे पुढील कृती त्यांना लागू पडत नाही.

छापील अंक सुलटे दिसतील असे कार्ड धरावे. प्रत्येक रकान्यात 0 ते 9 हे अंक वरून खाली असतात आणि 0 च्या वरच्या मोकळ्या जागेत आणखी दोन ओळी असतात. सर्वांत वरची 12 ची व तिच्याखालची 11 ची. अंकावर एकटेच भोक असेल तर तोच अंक वाचावा. दोन भोके असतील तर ते बहुधा रोमन अक्षर असते: 12 सोबत 1 ते 9 म्हणजे ए ते आय, 11 सोबत 1 ते 9 म्हणजे जे ते आर, आणि 0 सोबत 2 ते 9 म्हणजे एस ते झेड. लागोपाठच्या तीन रकान्यांत 12-9, 12-2 आणि 11-4 अशी भोके दिसली, तर तेथे ‘आयबीएम’ लिहिलेले आहे. मात्र संख्येच्या शेवटच्या अंकावर 11 चे भोक आले, तर ती संख्या ऋण असल्याची ती खूण असू शकते. कार्डाखाली गडद कागद ठेवला की भोके चटकन नजरेत भरतात.

अक्षरे लागली तरी अर्थ लागेलच असे नाही, कारण कोणत्या रकान्यात काय भरायचे हे ज्याचे त्याचे कार्यालय ठरवत असे. हर्मन हॉलेरिथ यांच्या यंत्रांवर झालेल्या अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत तर कार्डावर अक्षरे नव्हतीच. भोकाची जागा हेच उत्तर होते. दांडा खाली ओढला की स्प्रिंगच्या सुया भोकांतून पाऱ्याच्या वाट्यांत उतरत, विद्युतमंडल पूर्ण होई आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. म्हणूनच कार्डांसोबत रकान्यांचा तक्ता सापडला, तर तो कार्डांइतकाच जपावा.

गठ्ठ्याचा क्रम मोडू नये. तो आधीच विस्कटला असेल आणि कार्डे संगणक आज्ञावलीची असतील, तर रकाने 73 ते 80 पाहावेत. तेथे बहुधा क्रमांक असतो. आधी एककाच्या अंकानुसार दहा ढीग करून ते 0 पासून क्रमाने एकत्र करावेत, मग तो क्रम न मोडता दशकानुसार, मग शतकानुसार तेच करावे; वर्गीकरण यंत्रावरही कार्डे याच रीतीने लावत असत.